निओनॅटली बाळ: नर्सिंग स्कूलच्या स्किल लॅबसाठी घ्यावं का?

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. जिथे जिथे जीएनएम, एएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींना लहान बाळांची काळजी शिकवली जाते तिथे हे पाण्याने भरायचं बाळ, म्हणजे सरावाची बाहुली, असायलाच हवं, आणि बॅच मोठी असेल तर एकाने भागत नाही, दोन-तीन लागतात. पण घेऊन काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवणार असाल आणि फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी बाहेर काढणार असाल तर कृपया घेऊ नका, ते पैसे पल्स ऑक्सिमीटर घ्यायला वापरा.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी नर्सिंग स्कूलला ट्यूटर आहे, चाइल्ड हेल्थ हाच माझा विषय, आणि मुलींना घेऊन सिव्हिलच्या लेबर रूमला, पेडिॲट्रिक वॉर्डला आणि एसएनसीयूला (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षाला) पोस्टिंगला जाणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा रिव्ह्यू डॉक्टर लोकांच्या वर्कशॉपच्या नजरेतून नाही, पहिल्यांदाच बाळ हातात घेणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीच्या नजरेतून आहे असं समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निओनॅटली हे नॉर्वेच्या लेअरडाल ग्लोबल हेल्थने काढलेलं नवजात बाळाचं मॉडेल. २०१० साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हेल्पिंग बेबीज ब्रीद हा ट्रेनिंग प्रोग्राम सुरू केला, त्याच्यासोबत हे आलं. दिसायला साधं, आत कोमट पाणी किंवा हवा भरायची, पाणी भरलं की साधारण दोन किलोचं होतं, म्हणजे आपल्याकडच्या लेबर रूममध्ये येणाऱ्या बारीक बाळाएवढं. बाजूला नळ्यांना जोडलेले छोटे रबरी फुगे असतात, ते दाबले की बाळ श्वास घेतं, रडतं, आणि नाळेत ठोके लागतात. सोबत अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क, पेंग्विनच्या आकाराचं सिलिकॉनचं सक्शन, नाळ, नाळ बांधायच्या दोऱ्या, टोपी वगैरे. गोरं आणि सावळं असे दोन रंग मिळतात, सावळं मागवा, आपल्या मुलींना आपल्यासारखं दिसणारं बाळ हातात मिळालं पाहिजे असं मला वाटतं. मूळची लेअरडाल कंपनी खेळणी आणि लहान मुलांची पुस्तकं काढणारी, १९४० साली सुरू झालेली, मग १९६० ला त्यांनी सीपीआर (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवणं) शिकायची ती प्रसिद्ध ॲन बाहुली काढली. बाहुली बनवण्याचा हात त्यांना आधीपासूनच होता, ते इथे जाणवतं.

आता मुख्य गोष्ट, वजन. मी ह्याआधी बरीच वर्षं कडक प्लास्टिकच्या बाळावर शिकवलं, एका लोकल सप्लायरकडून घेतलेलं, नाव घेत नाही. त्याची मान ताठ, हात-पाय ताठ, उचलायला हलकं, त्यामुळे मुली त्याला एका हाताने दंडाला धरून उचलायच्या आणि त्यांचं काही चुकतंय असं त्यांना वाटायचंच नाही कारण बाळ काही सांगत नव्हतं. पाण्याने भरलेलं बाळ उचललं की पहिल्याच सेकंदाला मान मागे पडते आणि मुलगी घाबरून दुसरा हात डोक्याखाली घालते. बस, हे लेक्चरमध्ये कितीही वेळा सांगितलं तरी होत नाही. मानेला आधार, कुशीला आधार, अंगावर घेताना आधी आपण वाकायचं, हे सगळं हात आपोआप शिकतात. आणि पाणी कोमट असेल तर अंगाला ऊब लागते, तेव्हा मुली नकळत हळू बोलायला लागतात, हळू ठेवायला लागतात. माझ्या बॅचने त्याचं नाव गुंडू ठेवलंय आणि आता सगळं स्कूल त्याला गुंडूच म्हणतं.

दुसरी मोठी गोष्ट छाती वर येण्याची. ह्या बाळाची मान बरोबर पोझिशनला असेल, म्हणजे ना जास्त मागे ना पुढे, किंचित वर, आणि मास्क नाका-तोंडावर नीट सील झाला असेल, तरच बॅग दाबल्यावर छाती वर येते. हवा कडेने लीक झाली की छाती ढिम्म. जुन्या प्लास्टिकच्या बाळात कसाही मास्क लावा, फरकच कळायचा नाही, मग मुलगी व्हायवाला सगळ्या स्टेप्स घडाघडा म्हणायची आणि फुल मार्क घेऊन जायची. इथे बाळच एक्झामिनर आहे. पहिल्यांदा जवळजवळ कुणालाच जमत नाही, बोटं डोळ्यांवर जातात, हनुवटी दाबली जाते, बॅग इतकी जोरात दाबतात की खऱ्या बाळाच्या फुप्फुसाला इजा होईल. मग हळूहळू सी आणि ई ची पकड (अंगठा-तर्जनीने मास्क, बाकी बोटांनी जबडा धरणं) बसते, बॅग दोन बोटांनी हलकी दाबायची सवय होते, आणि छाती वर आलेली दिसली की मुलीच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं.

गोल्डन मिनिट सगळ्यांनी वाचलेलं असतं. बाळ जन्मलं, रडलं नाही, तर कोरडं करायचं, पाठ चोळायची, गरज असेल तरच तोंड आधी आणि नाक नंतर साफ करायचं, आणि तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क सुरू, मिनिटाला साधारण ४० च्या गतीने. पेपरात सगळ्या लिहितात. पण मोबाइलवर टायमर लावून करून बघा, ६० सेकंद किती पटकन जातात! ओलं कापड काढून दुसरं कोरडं कापड घेण्यातच बराच वेळ जातो कारण दुसरं कापड तयारच ठेवलेलं नसतं, मास्क बॅगला जोडलेला नसतो, टोपी कुठे ते माहीत नसतं. म्हणून मी आता आधी तयारीचंच प्रॅक्टिकल घेते, दोन कापडं, टोपी, सक्शन, बॅग जोडून चेक करून, वॉर्मर चालू, आणि मगच बाळ 'जन्माला' येतं. बॅग दाबताना आम्ही मोठ्याने म्हणतो, दाबा-दोन-तीन, दाबा-दोन-तीन. शेजारच्या वर्गाला त्रास होतो पण लय पक्की बसते.

हे ट्रेनिंग खरंच उपयोगी पडतं का, असं आमच्या एका सीनियर मॅडमनी विचारलं होतं, त्यांचं म्हणणं शंभर बाळांत साधारण दहालाच जन्मताना श्वासासाठी मदत लागते, मग एवढा आटापिटा कशाला. पण तेच तर आहे ना, ती दहा बाळं कोणत्या शिफ्टला येतील ते कुणालाच माहीत नसतं, आणि रात्री दोन वाजता पीएचसीत एकटी सिस्टर असते. टांझानियात हे ट्रेनिंग दिल्यावर पहिल्या २४ तासांतले मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी झाल्याचा अभ्यास २०१३ साली छापून आला. आपल्या जवळचंच उदाहरण, बेळगावच्या मेडिकल कॉलेजच्या टीमने कर्नाटकातल्या ग्रामीण भागात हेच ट्रेनिंग दिलं, तिथे मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. ह्याचा अर्थ नीट समजून घ्या, काही बाळं जी न रडता निपचित जन्मली म्हणून 'गेलेलं आहे' असं समजून बाजूला ठेवली जायची ती खरं तर जिवंत होती, त्यांना फक्त श्वास द्यायला कुणीतरी हवं होतं. मी हे वर्गात सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. त्याच अभ्यासात नवजात मृत्युदर मात्र कमी झाला नाही, हेही मी सांगते, कारण श्वास सुरू झाल्यावर पुढे ऊब, दूध, इन्फेक्शन ह्या सगळ्याची काळजी कुणीतरी घ्यावीच लागते आणि ते नर्सचंच काम आहे.

आणि कपाटाचा मुद्दा मी जो सुरुवातीला लिहिला तो ह्याच्याशीच जोडलेला. टांझानियातल्याच हायडम हॉस्पिटलमध्ये एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, सगळे स्टाफ बाहुलीवर छान करून दाखवायला लागले, पण लेबर रूममध्ये प्रत्यक्षात काहीच बदललं नाही. मग त्यांनी बाहुली लेबर वॉर्डातच ठेवली आणि आठवड्याला काही मिनिटांची प्रॅक्टिस सुरू केली, त्यानंतर मृत्यू कमी झाले. म्हणून आमच्याकडे गुंडू लॅबच्या टेबलावर उघडाच असतो, मुलींनी येता-जाता जोडीने करायचं, एक बाळाचे फुगे दाबणार, दुसरी करणार, मग अदलाबदल. फुगे दाबणारी जास्त शिकते असा माझा अनुभव, कारण बाळाने कधी रडायचं, ठोके कधी मंद करायचे हे तिला ठरवावं लागतं, म्हणजे आत काय चाललंय ते तिला समजलेलं असावं लागतं.

रिससिटेशन, म्हणजे श्वास सुरू करणं, सोडून बाकीच्या गोष्टींसाठी आम्ही ह्याचा जेवढा वापर करतो तेवढा कदाचित कंपनीनेही धरला नसेल. स्तनपानाच्या पोझिशन्स, कांगारू केअरसाठी (आईच्या उघड्या अंगाला बाळ लावून ऊब देणं) ओढणीने किंवा साडीने बाळ छातीशी कसं बांधायचं, बाळ गुंडाळणं, नाळेची काळजी म्हणजे काहीही न लावता कोरडी ठेवणं, ऊब तपासायला पोट आणि तळपाय हाताच्या मागच्या बाजूने बघणं (पोट गरम पण पाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजतेय, दोन्ही गार म्हणजे गंभीर). वजन काट्यावर घ्यायची सवय पण ह्याच्यावरच. प्रत्येक ग्रुपला मी पाणी थोडं कमी-जास्त भरून देते, वजन करा आणि डोस काढा. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक नेहमीचं उदाहरण, २ किलोचं बाळ, किलोला ५ मिग्रॅ म्हणजे १० मिग्रॅ, ॲम्प्युल २ मिलीत ८० मिग्रॅ, म्हणजे ०.२५ मिली. आता ह्यात एखादी पोरगी टिंब चुकवून २.५ मिली लिहिते, मग मी काहीच बोलत नाही, फक्त सिरिंजमध्ये तेवढं पाणी भरायला लावते आणि बाळाच्या मांडीशेजारी धरायला सांगते. तिचं तिलाच कळतं. मोठ्या माणसाच्या वॉर्डातून आलेल्या मुलींना एवढ्या छोट्या डोसची भीती बसलेली बरीच, लहान बाळात चुकीला जागाच नसते.

ह्या सगळ्यात मला सर्वात आवडणारा भाग म्हणजे आजीचा रोल. एक मुलगी आई होते, एक आजी, एक सिस्टर. आजी म्हणते, "अगं बाई, आमच्या घरात सगळ्यांना मधच चाटवलंय, काय झालं आम्हाला?" मग सिस्टर झालेली पोरगी पुस्तकातलं बोलायला लागते, एक्सक्लुझिव्ह ब्रेस्टफीडिंग वगैरे, आणि आजी तिला दोन मिनिटांत गप्प करते. मग आम्ही बसून बोलतो की आजीला "आजी, तुम्ही एवढी पोरं सांभाळलीत, जरा बाळाच्या आईजवळ बसता का, बाळाला धरायला मदत करा" असं म्हणून कामात घ्यायचं आणि मग हळूच मधाचं सांगायचं. घुटी, काजळ, नाळेला हळद किंवा राख, पहिल्याच दिवशी आंघोळ, शेगडीचा धूर, ह्यातलं बरंच ह्या मुलींच्या स्वतःच्या घरात चालतं, त्यामुळे आजीचा रोल त्या फार मनापासून करतात, आणि म्हणूनच त्यांना उत्तर शोधावं लागतं. गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि नवजात मृत्यू जवळपास ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेटमध्ये आलं ते. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात त्यामागे हीच कामं आहेत. गावातली बाई शिकू शकते तर तीन वर्षं युनिफॉर्म घालून शिकणारी आपली मुलगी का नाही शिकणार, फक्त तिच्या हातात वस्तू दिली पाहिजे.

आता ह्या बाळाला काय येत नाही ते स्पष्ट लिहिते, म्हणजे घेतल्यावर तक्रार नको. हे आयव्ही कॅन्युला (शिरेत सुई) किंवा इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) शिकायला बनवलेलं नाही, त्याला वेगळे मॉडेल लागतात. इंजेक्शन ह्याला टोचायचं नाही, पाण्याची पिशवी आहे ती! मांडीच्या बाहेरच्या बाजूची जागा बोटाने दाखवायची आणि टोचायचं वेगळ्या पॅडवर. मोठ्या बाळाच्या सीपीआरसाठी, म्हणजे छाती दाबणं आणि श्वास ह्यांचं प्रमाण एकटे असाल तर ३०:२, दोघं असाल तर १५:२, दोन अंगठ्यांनी छाती साधारण ४ सेंमी खाली, ह्यासाठी इन्फंट सीपीआर मॅनिकिन (सरावाचा पुतळा) वेगळाच घ्या. नवजातात प्रमाण ३:१ असतं, दोन्ही एकाच बाहुलीवर शिकवलं की मुलींचा गोंधळ होतो. कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी ह्याच कंपनीचं प्रीमीनॅटली म्हणून छोटं बाळ आहे, एसएनसीयूची पोस्टिंग असेल तर ते उपयोगी.

आणि ज्याचं मला जास्त वाटतं ते हे की आजारी बाळ कसं दिसतं ते ह्याच्यात दिसत नाही. रंग बदलत नाही, कावीळ दिसत नाही, श्वास घेताना छाती आत ओढली जात नाही, नाकपुड्या फुलत नाहीत, कण्हणं ऐकू येत नाही. पेडिॲट्रिकची अर्धी नर्सिंग तर बघण्यातच आहे, बाळ बोलून सांगत नाही. हे वॉर्डातच शिकावं लागतं, आणि तिथे माझा नियम एकच, श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे जलद, आणि हे बाळ शांत असताना, आईच्या मांडीवर असताना. रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजून चार्टवर लिहिणं बंद करा असं मी प्रत्येक बॅचला सांगून दमते पण सांगत राहणार. २०२१ च्या नव्या बीएस्सी अभ्यासक्रमात आयएमएनसीआय (नवजात आणि लहान मुलांच्या आजारांची एकत्रित काळजी), एफबीएनसी (दवाखान्यातली नवजात बाळाची काळजी), पीएलएस (लहान मुलांचा जीव वाचवण्याचं ट्रेनिंग) ही मॉड्यूल्स घातली आहेत, फार चांगलं केलं, जीएनएमवाल्यांनी पण अभ्यासक्रमात लिहिलेलं नसलं तरी घ्यावीत, अडवतंय कोण.

दूध पाजणं ह्याच्यावर पूर्ण शिकवता येत नाही. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजताना बाळ कसं गिळतं, कधी थांबायचं, हे खऱ्या बाळाशिवाय समजत नाही. इथे फक्त धरायची पोझिशन, खालच्या ओठाला भांडं टेकवायचं आणि ओतायचं नाही, एवढं होतं.

सांभाळायला सोपं आहे पण आळस चालत नाही. काम झालं की पाणी पूर्ण काढायचं, उलटं करून आतून वाळवायचं, नाहीतर वास येतो. उकळतं पाणी कधीच भरू नका, कोमटच. अणकुचीदार नखं, अंगठ्या, पिना, बॅज काढून मगच हात लावायचा, तसाही वॉर्डात हाच नियम आहे तर इथूनच सवय. प्रॅक्टिसची बॅग आणि मास्क ह्यांच्यावर मार्करने मोठं लिहून ठेवा, ते चुकूनही खऱ्या बाळाकडे जाता कामा नये. आणि एक माणूस जबाबदार ठेवा, सगळ्यांची वस्तू असली की कुणाचीच नसते, आमच्याकडे दर महिन्याला एक मुलगी गुंडूची इनचार्ज असते, हँडओव्हर वहीत लिहून देते, त्यामुळे हँडओव्हर लिहायलाही शिकतात.

ब्रदर, म्हणजे नर्सिंग शिकणाऱ्या मुलांबद्दल थोडं. आमच्याकडे मुलगे कमी असतात आणि चाइल्ड हेल्थच्या पोस्टिंगला ते कोपऱ्यात उभे राहतात, आई दूध पाजत असते म्हणून संकोच, मग स्टाफ पण त्यांना ड्रेसिंगला पाठवून देतो. त्यांचं शिकणं राहून जातं आणि उद्या तेच कुठेतरी इमर्जन्सीला एकटे असणार. बाहुलीवर त्यांना सगळ्यात जास्त वेळ द्या, वॉर्डात जायच्या आधी. एकदा हाताला सवय झाली की ते आईशीही नीट, खाली बघून न बोलता बोलतात. आईला आधी "ताई, बाळाला बघू का?" विचारायचं, हात धुवायचे, मग बाळाला हात लावायचा, ही सवय बाहुलीपासूनच लावायची, गुंडूच्या शेजारी कुणीतरी ताई होऊन बसलेलीच पाहिजे.

इंडेंट (खरेदीची मागणी) टाकणार असाल तर प्रिन्सिपल मॅडमना असं लिहून द्या: पाण्याने भरायचं नवजात बाळ, सावळ्या रंगाचं, साधारण दहा मुलींमागे एक तरी, जास्तीच्या नाळा आणि मास्क सोबत, इन्फंट सीपीआर मॅनिकिन वेगळा, इंजेक्शन पॅड वेगळं, बाळाचा वजनकाटा, आणि सेकंद काटा असलेलं मोठं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ सगळे विसरतात. टेंडरमध्ये नुसतं 'बेबी मॅनिकिन' लिहू नका, जे स्वस्त ते येतं, मग ताठ मानेचं प्लास्टिक पुढची दहा वर्षं बदलता येत नाही. 'मान सैल, बॅग-मास्कने छाती वर येणारं, नाळेचे ठोके लागणारं' एवढं तरी स्पेसिफिकेशन टाकाच, आणि माल आला की स्टोअरला सही द्यायच्या आधी स्वतः मास्क लावून छाती वर येते का ते बघा.